स्वतः बांधलेल्या लो-विंग विमानात चढाईवर इंधनाचा दाब पडणे : समस्या निवारण

या तक्रारीचे स्वरूप जवळजवळ नेहमी सारखेच असते. सकाळच्या पहिल्या उड्डाणात काहीही खटकत नाही. विमान उतरते, मालक अर्धा-पाऊण तास विश्रांती घेऊन परत येतो, इंजिन थोडी कुरकुर करत सुरू होते, आणि पुन्हा उड्डाण केल्यावर हजार-दीड हजार फुटांवर इंधनदाबाचा आकडा पाच पीएसआय (चौरस इंचावर पौंड) वरून तीन, दोन, एक असा घसरू लागतो. मदतीचा इलेक्ट्रिक पंप, म्हणजे बूस्ट पंप, चालू केला की आकडा वर येतो, कधी येतही नाही. टेक्सास किंवा ॲरिझोनासारख्या उष्ण प्रदेशात विमान ठेवणाऱ्यांकडून ही तक्रार उन्हाळ्यात हटकून ऐकू येते, आणि तिच्यावर पहिला उपाय म्हणून इंजिनावरचा मेकॅनिकल पंप बदलला जातो. पंप बदलल्यावर योगायोगाने दोन-चार आठवडे हवा थंड राहिली, तर दोष गेला असे समजून वहीत तशी नोंदही होते. पुढच्या उष्म्यात तो परत येतो.

पंप कधी बिघडतच नाही असे नाही. त्याचा पडदा फाटला की इंधन त्याच्या निचऱ्याच्या नळीतून बाहेर येते किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरते, आणि ते दिसून येते. परंतु दाब केवळ उष्ण दिवशी, केवळ दुसऱ्या उड्डाणात किंवा केवळ एका टाकीवर पडत असेल, तर दोष पंपाच्या अलीकडच्या, म्हणजे टाकी ते पंप या शोषणाच्या बाजूला आहे असे धरूनच तपासणी सुरू करावी. पंप खेचू शकेल इतके आणि अशा स्थितीतले इंधन त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, हे या तक्रारीचे खरे मूळ असते.

पुढील विवेचन मुख्यतः पंखांत टाक्या, लायकॉमिंग ओ-३२० किंवा ओ-३६० इंजिन, फ्लोट कार्ब्युरेटर आणि एकामागोमाग जोडलेले इलेक्ट्रिक व मेकॅनिकल असे दोन पंप असलेल्या विमानांसाठी आहे. आरव्ही-६, आरव्ही-७, आरव्ही-९ आणि त्या धाटणीची बहुसंख्य विमाने यात येतात. रोटॅक्स आणि इंधन-इंजेक्शन असलेल्या इंजिनांबद्दल जे वेगळे आहे, ते शेवटाकडे दिले आहे.

आकडा खरा आहे का

कार्ब्युरेटर असलेल्या या इंजिनांना कार्ब्युरेटरच्या तोंडाशी किमान अर्धा आणि कमाल आठ पीएसआय दाब चालतो. हेच इंजिन सेसना १७२ सारख्या हाय-विंग, म्हणजे पंख आणि टाक्या वर असलेल्या, विमानात पंपाशिवाय, केवळ गुरुत्वाकर्षणावर चालत आले आहे. म्हणून पाचाचे दोन झाले एवढ्यावरून इंजिन बंद पडणार असे होत नाही. काळजी असते ती आकडा घसरत राहण्याची आणि शून्याजवळ थरथरण्याची. दाब शून्य दिसत असताना इंजिन पूर्ण शक्तीवर मिनिटभराहून अधिक काळ सुरळीत चालत असेल, तर दोष सेंडरमध्ये, म्हणजे दाब मोजून आकडा पाठवणाऱ्या भागात, किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी. सेंडर थेट इंजिनावर बसवलेला असेल तर कंपनाने तो लवकर खराब होतो. तो फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या अग्निरोधक भिंतीवर, घट्ट बसवून लवचिक होजने जोडावा आणि त्या होजच्या सुरुवातीच्या फिटिंगमध्ये बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर ठेवावा, म्हणजे होज फुटला तरी काऊलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) इंधनाची धार लागणार नाही. शंका असल्यास काही काळ दुसरा, साधा यांत्रिक गेज समांतर जोडून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

दोष केव्हा येतो ते आधी लिहून काढा

साधने हातात घेण्यापूर्वी इंजिन मॉनिटरमधली नोंद उतरवून घ्यावी. आजच्या बहुतेक मॉनिटरांत दर सेकंदाला दाब, इंधनप्रवाह, उंची आणि बाहेरचे तापमान साठवले जाते, आणि निम्मे निदान त्या आलेखातच असते.

दाब फक्त एकाच टाकीवर पडत असेल, तर सिलेक्टरच्या (टाकी निवडण्याच्या झडपेच्या) पुढे असलेले सर्व काही, म्हणजे दोन्ही पंप, गॅस्कोलेटर (पाणी आणि गाळ अडवणारे गाळणीचे भांडे) आणि इंजिनाकडचे होज, तूर्त संशयाबाहेर ठेवता येतात. दोन्ही टाक्यांवर आणि थंड दिवशीही पडत असेल, तर सामाईक मार्गात अडथळा किंवा गळती शोधावी. उड्डाणानंतर वीस-तीस मिनिटे सर्व ठीक असून मग दाब सावकाश उतरत असेल, आणि जमिनीवर थोडा वेळ थांबल्यावर आपोआप पूर्ववत होत असेल, तर व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) बुजलेला आहे असे समजून चालावे. टाकी निम्म्यावर किंवा पावावर आल्यानंतरच दाब थरथरू लागत असेल, आणि तरीही टाकीत भरपूर इंधन असेल, तर टाकीच्या आतल्या, इंधन उचलणाऱ्या पिकअप नळीचा नट सैल झाला आहे किंवा त्या नळीला चीर आहे. इंधनाची पातळी त्या सांध्याखाली गेली की पंप इंधनाऐवजी हवा खेचतो. हा दोष बाहेरून कधीच दिसत नाही, आणि टाकी पूर्ण भरून केलेल्या जमिनीवरच्या कोणत्याही चाचणीत सापडत नाही. या नटांना बांधणीच्या वेळीच सेफ्टी वायर लावलेली असावी. नसेल तर तपासणीचे झाकण उघडण्याचा त्रास एकदा घ्यावाच.

बूस्ट पंप चालू केल्यावर काय होते, ही सर्वांत बोलकी खूण आहे. बूस्ट पंप केबिनमध्ये, थंड जागी, सिलेक्टरच्या लगेच पुढे असेल आणि तो चालू करताच दाब उसळून स्थिर होत असेल, तर त्याच्या पुढच्या गरम भागात वाफ होत होती, किंवा मेकॅनिकल पंप खरोखरच अशक्त झाला आहे. बूस्ट पंप चालू करूनही दाब वर येत नसेल, तर त्याच्याही मागे अडथळा आहे किंवा हवा शिरते आहे. मात्र बूस्ट पंप फायरवॉलच्या पुढे, काऊलच्या उष्णतेत बसवला असेल, तर या खुणेवर विसंबता येत नाही. तिथे तो स्वतःच वाफेवर चालत असतो. ही निरीक्षणे विमानतळाच्या वर, पुरेशी उंची घेऊन आणि इंजिन बंद पडले तरी धावपट्टीपर्यंत तरंगत येता येईल अशाच जागी करावीत. उड्डाणानंतर लगेच, चाचणी म्हणून बूस्ट पंप बंद करणे हा वेडेपणा आहे.

शोषणाचा हिशेब

लो-विंग विमानात टाकी खाली आणि मेकॅनिकल पंप वर असतो. पंप इंधन ओढतो असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात टाकीतल्या इंधनावरचा हवेचा दाब ते वर ढकलत असतो. पंप फक्त आपल्या बाजूचा दाब कमी करतो. म्हणजे इंधन पंपापर्यंत आणण्यासाठी आपल्याजवळ असलेली संपूर्ण शिल्लक म्हणजे त्या उंचीवरचा वातावरणीय दाब, आणि त्यातून वाटेतला प्रत्येक खर्च वजा होत जातो.

समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, आठ हजार फुटांवर सुमारे ७५. टाकीपासून पंपापर्यंत ६० सेंटिमीटर चढ असेल, तर त्यासाठीच चारेक किलोपास्कल जातात. जाळी, सिलेक्टर, काटकोनी एल्बो, फिल्टर आणि नळीचे घर्षण यांचे आणखी काही. मिळून दहा धरले, तर आठ हजार फुटांवर पंपाच्या तोंडाशी उरतात सुमारे ६५ किलोपास्कल. आता इंधनाकडे पाहा. १००एलएल या एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, बाष्पदाब (भोवतालचा दाब याच्याखाली गेला की इंधन उकळते) ३८ अंश सेल्सिअसला ३८ ते ४९ किलोपास्कल या मर्यादेत ठेवलेला असतो. अमेरिकेत उन्हाळ्यात पंपावर मिळणाऱ्या मोटार पेट्रोलची मर्यादा बहुतेक भागांत नऊ पीएसआय, म्हणजे ६२ किलोपास्कल आहे, आणि दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्यावर आणखी एक पीएसआयची सवलत बऱ्याच ठिकाणी मिळते, म्हणजे ६९. याचा ढोबळ अर्थ असा की तळपत्या ॲप्रनवर ३८ अंशांपर्यंत तापलेले असे पेट्रोल पंखात घेऊन कोणी चटकन आठ हजार फुटांवर गेला, तर काऊलची उष्णता लागण्यापूर्वीच ते पंपाच्या तोंडाशी उकळण्याच्या बेतात असते. एव्हगॅसला थोडी अधिक मोकळीक आहे, पण फायरवॉलच्या पुढचे भाग ५० अंशांच्या वर सहज जातात, आणि तिथे तीही संपते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, जी अनेकांना चमत्कारिक वाटते. व्हेपर लॉकचा, म्हणजे वाफेने इंधन अडण्याचा, खरा हंगाम ऐन जुलै-ऑगस्ट नसून वसंतातला पहिला गरम आठवडा हा आहे. हिवाळी पेट्रोलचा बाष्पदाब १५ पीएसआयपर्यंत असू शकतो, किरकोळ पंपांना उन्हाळी मर्यादा लागू होते ती जूनच्या आरंभापासून, आणि मार्चमध्ये भरून ठेवलेल्या कॅनमधले इंधन एप्रिलच्या उन्हात विमानात जाते.

याच कारणाने शोषणाच्या बाजूला बारीक कागदी फिल्टर बसवणे चुकीचे आहे. स्वच्छतेचा हेतू चांगला, पण तो फिल्टर पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला हवा. टाकीच्या तोंडाशी जाडसर जाळी पुरते. अमेरिकेच्या भाग २३ या जुन्या प्रमाणन नियमांत पिस्टन इंजिनासाठी तिथे इंचाला ८ ते १६ तारांची जाळी आणि तिचे मोकळे क्षेत्रफळ नळीच्या किमान पाचपट असावे असे सांगितले होते. स्वतः बांधलेल्या विमानाला ते नियम बंधनकारक नाहीत, पण प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी बंद पडलेले इंजिन आहे हे लक्षात घेऊन ते पाळावेत.

व्हेंट

टाकीतून इंधन जाते तेवढी हवा आत आली पाहिजे. ती आली नाही, तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो, कारण वातावरणाचा दाब इंधनावर पडतच नाही. हँगरमध्ये उभ्या विमानाच्या व्हेंटमध्ये कुंभारमाशी दोन दिवसांत मातीचे घर बांधते, आणि तोंडाला बारीक जाळी असली तर ती जाळीच रंगाने किंवा चिखलाने बुजते. उतरल्यावर टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर निदान झाले. प्रत्येक उड्डाणापूर्वी व्हेंटचे तोंड बोटाने चाचपावे. त्यात तोंडाने फुंकर घालून टाकीत बुडबुडे येतात का, हे वार्षिक तपासणीत पाहावे. दोन टाक्यांचे व्हेंट स्वतंत्र असावेत, म्हणजे एक बुजला तरी दुसरी टाकी उरते.

जी गळती टपकत नाही

दाबाच्या बाजूला सांधा सैल असला तर इंधन टपकते, निळा डाग पडतो, वास येतो. शोषणाच्या बाजूला इंजिन चालू असताना नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे इंधन बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. शहाळ्यात घातलेली नळी वरच्या टोकाला चिरलेली असावी, तसा प्रकार होतो. टाकी खाली असल्याने इंजिन बंद असतानाही तिथून काही टपकत नाही. म्हणून 'कुठेही गळती नाही' हे मालकाचे म्हणणे बहुधा खरे असते, आणि तरीही निरुपयोगी.

अशी गळती सर्वाधिक वेळा फ्लेअर सांध्यांवर, म्हणजे नळीचे टोक कर्ण्यासारखे फुलवून आवळलेल्या सांध्यांवर, सापडते. विमानातील एएन या प्रमाणाच्या फिटिंगांचा फ्लेअर ३७ अंशांचा असतो आणि मोटारीच्या दुकानात मिळणारे हत्यार व फिटिंग ४५ अंशांचे. दोन्ही एकमेकांवर बसतात, आवळले जातात, आणि पहिल्या दिवशी गळतही नाहीत. फक्त पूर्ण पृष्ठभागाऐवजी एका बारीक रेषेवर टेकलेले असतात आणि कंपनाने सुटतात. दुसऱ्याने बांधलेले विमान विकत घेतले असेल, तर प्रत्येक फ्लेअर एकदा उघडून भिंगाखाली पाहणे हा वाया जाणारा वेळ नव्हे. फ्लेअर सांध्यावर कोणतेही लेपद्रव्य लावायचे नसते. निमुळत्या पाइप आट्यांवर इंधनात न विरघळणारे लेपद्रव्य लावायचे असते, पण प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप कधीही नाही; तिचे तुकडे सुटून थेट कार्ब्युरेटरच्या सुईपर्यंत जातात. सिलेक्टरच्या दांड्याची ओ-रिंग आणि गॅस्कोलेटरच्या भांड्याचे गॅस्केट या हवा शिरण्याच्या आणखी दोन नेहमीच्या जागा.

शोधण्याची पद्धत अशी. टाकी जवळजवळ रिकामी करून, इंजिनाकडचे टोक बंद करून, व्हेंटमधून अगदी हलका हवेचा दाब द्यावा. टाकी बांधताना व्हेंटवर फुगा लावून गळती पाहण्याची पद्धत बांधणाऱ्यांना ठाऊक असतेच. इथेही तेवढाच दाब पुरे. एक पीएसआयच्या वर जाऊ नये, कारण पत्र्याची टाकी फुगून तिचे सीलंट सुटते, आणि दुकानातला कॉम्प्रेसर थेट जोडणे म्हणजे टाकी फोडणेच. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, आणि सिलेक्टर प्रत्येक स्थितीत फिरवून तेच पुन्हा करावे. याने काही सापडले नाही, तर सिलेक्टर आणि बूस्ट पंप यांच्यामध्ये पारदर्शक इंधन-होजचा तुकडा तात्पुरता बसवून, विमान बांधून, अग्निशामक हातात घेतलेला एक माणूस बाहेर उभा करून, जमिनीवर इंजिन चालवून बुडबुडे येतात का ते पाहावे. तो तुकडा त्याच दिवशी काढून टाकावा.

सिलेक्टर

लो-विंग विमानात 'दोन्ही टाक्या' ही स्थिती नसते, आणि ती कोणी सोयीसाठी निर्माण केली असेल तर तीच दोषाचे कारण असू शकते. दोन नळ्या एकत्र करून पंपाने खेचले, तर जी टाकी आधी रिकामी होईल तिच्यातून हवा येते, आणि हवा इंधनापेक्षा सहज येत असल्याने दुसरी भरलेली टाकी तशीच राहते. 'डावी, उजवी, बंद' एवढ्याच स्थिती असाव्यात आणि 'बंद' चुकून लागू नये अशी कळ असावी. दोन स्थितींच्या मध्ये हँडल राहिले असता दाब पडतो का, हे जमिनीवर तपासावे. झिजलेल्या सिलेक्टरमध्ये हँडल आणि आतला प्लग यांचा मेळ सुटलेला असतो.

सिलेक्टरच्या जागेविषयी येथेच लिहिणे योग्य. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हजवळ गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी हे घरबांधणीचे विमान समुद्रात कोसळले. त्याचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात सिलेक्टर वैमानिकाच्या पुढ्यात होता. हे विमान बांधणाऱ्याने कॉकपिटमधून इंधनाची नळी जाऊ नये म्हणून तो डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला होता. तो फिरवण्यासाठी पट्टा सैल करून मागे वळावे लागे, आणि तसे वळताना उजव्या रडरवर पाय दाबला जाण्याची शक्यता होती. अपघाताच्या चौकशीत एनटीएसबीने (अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने) ही जागा, खुणांचा अभाव आणि टाकीत कमी असलेले इंधन, या सर्वांची नोंद घेतली. आगीची भीती कमी करण्यासाठी केलेला बदल होता तो. चढाईवर दाब पडल्यावर टाकी बदलणे ही पहिली कृती असेल, तर ती बाहेरची नजर न काढता, एका हाताने, पट्टा आवळलेला असताना करता आली पाहिजे. येत नसेल, तर दाबाच्या तक्रारीच्याही आधी ते दुरुस्त करावे.

उष्णता

हवा शिरत नाही, अडथळा नाही, व्हेंट मोकळे आहेत, आणि दोष तरीही फक्त दुसऱ्या उड्डाणात येतो, असे ठरले की उरते उष्णता. इंजिन बंद केल्यावर काऊलमधून वाहणारी हवा थांबते, पण सिलिंडर आणि एक्झॉस्ट तापलेलेच असतात. त्यामुळे पंप, गॅस्कोलेटर आणि होज यांचे तापमान बंद केल्यानंतर चढत जाते आणि त्याचा कळस अर्ध्या तासाच्या आसपास गाठला जातो. नेमका तोच मालकाच्या परत येण्याचा वेळ.

अंदाज करण्याऐवजी मोजावे. मेकॅनिकल पंपाच्या तोंडाशी, गॅस्कोलेटरवर आणि बूस्ट पंपावर थर्मोकपल चिकटवावेत, किंवा रंग बदलून कमाल तापमान कायमचे दाखवणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. कोणता भाग सर्वांत जास्त तापतो हे बघितल्यावर उपाय बहुधा आपोआप सुचतो. गॅस्कोलेटर एक्झॉस्टच्या पाइपापासून चार बोटांवर असेल, तर तो हलवावा किंवा मध्ये पत्र्याचा पडदा घालावा. मेकॅनिकल पंपाभोवती पातळ पत्र्याचे आवरण करून पुढच्या बॅफलमधून (इंजिनाभोवती थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यातून) थंड हवेची नळी त्यात सोडावी. हा बदल स्वस्त आहे, पण विमान उभे असताना त्याचा उपयोग नाही. त्यासाठी उतरल्यावर काऊलवरचे ऑइलचे दार उघडे ठेवावे आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे करावे. फायरवॉलच्या पुढे ॲल्युमिनियमची नळी असेल, तर ती याच वेळी काढून अग्निरोधक आवरणाचा होज बसवावा. कंपनाने ती चिरते आणि आगीत काही क्षणांत वितळते. दाबाच्या तक्रारीशी याचा संबंध नसला तरी काऊल उघडलेली असताना तसेच ठेवणे अक्षम्य आहे. नळीने वर चढून पुन्हा खाली येऊ नये. अशा कमानीच्या माथ्यावर वाफ साचून बसते.

हे सर्व मात्र मलमपट्टीचे उपाय आहेत. आराखड्यातला इलाज एकच: ढकलणारा पंप टाकीच्या जवळ, तिच्या पातळीला किंवा खाली आणि थंड जागी असावा. बूस्ट पंप फायरवॉलच्या पुढून काढून केबिनच्या जमिनीवर, सिलेक्टरच्या शेजारी आणला, तर त्याच्यापुढची सगळी नळी दाबाखाली येते आणि दाबाखालचे इंधन सहज उकळत नाही. प्रत्येक पंखाच्या मुळाशी स्वतंत्र छोटा पंप बसवणारेही आहेत. त्यात गुंतागुंत आणि विजेवरचे अवलंबन वाढते, तरी अतिउष्ण प्रदेशात मी ते योग्यच समजतो. केबिनमध्ये सांधे वाढतात ही त्याची किंमत आहे, म्हणून पंपाखाली बाहेर निचरा होणारी तबकडी असावी.

प्रवाह मोजणे

कोणताही भाग बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर ही चाचणी करावीच. पंपावर चालणाऱ्या प्रणालीने उड्डाणाच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के, आणि केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणारीने १५० टक्के प्रवाह दिला पाहिजे, असे जुने प्रमाण आहे. १६० अश्वशक्तीच्या इंजिनाला अश्वशक्तीमागे ताशी अर्धा पौंड धरला, तर ताशी ८० पौंड, म्हणजे सुमारे ५० लिटर लागतात. त्याचे १२५ टक्के म्हणजे ६३ लिटर, मिनिटाला एक लिटरहून किंचित अधिक. कार्ब्युरेटरजवळचा होज सोडून तो धातूच्या मोजपात्रात सोडावा, टाकीत अगदी कमी इंधन ठेवावे, शेपटीचा भाग खाली घेऊन किंवा नाकाचे चाक उचलून विमान कमाल चढाईच्या कोनात आणावे, आणि बूस्ट पंप चालू करून घड्याळ लावावे. दोन्ही टाक्यांवर स्वतंत्रपणे. सपाट जमिनीवर, भरलेल्या टाकीने केलेली चाचणी समाधान देते, माहिती देत नाही. विमान आणि पात्र दोन्ही अर्थ केलेले असावे, काम उघड्यावर करावे, आणि प्लास्टिकची बादली वापरू नये, कारण तिच्यावर साचलेल्या स्थिर विजेला वाट मिळत नाही.

एनटीएसबीने २०१२ साली स्वतः बांधलेल्या विमानांच्या सुरक्षेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इंधन प्रणालीची कार्यचाचणी करून तिची लेखी नोंद उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राआधीच मागावी, अशी शिफारस होती. विकत घेतलेल्या विमानाच्या कागदांत अशी नोंद नसेल, तर ती चाचणी झालेलीच नाही असे मानावे.

रोटॅक्स, इंजेक्शन आणि इथेनॉल

रोटॅक्स ९१२ मध्ये पंपापुढून टाकीकडे परतणारी बारीक छिद्राची रिटर्न लाइन वाफ काढून नेण्यासाठीच दिलेली असते. ती वजन वाचवण्यासाठी वगळलेली किंवा छिद्र मोठे केलेले असेल, तर दाबाच्या तक्रारीला दुसरे कारण शोधू नये. ही लाइन ज्या टाकीतून इंधन घेतले जात आहे तिच्यातच परतली पाहिजे. नाही तर दुसरी टाकी भरून व्हेंटमधून इंधन बाहेर वाहते आणि वैमानिकाला ते कळतही नाही. या इंजिनाच्या रबरी होजांची मुदत पाच वर्षांची आहे. जुना होज आतून सोलून त्याची पापडी झडपेसारखी मिटते आणि दाब कधी पडतो, कधी पडत नाही.

इंजेक्शनच्या लायकॉमिंगमध्ये पंपापुढचा दाब बराच अधिक असल्याने तिथे वाफ कमी होते, पण सिलिंडरांवरून जाणाऱ्या बारीक नळ्या बंद इंजिनावर तापून गरम इंजिन सुरू करणे अवघड होते. शोषणाच्या बाजूचे सर्व नियम तेच राहतात.

इथेनॉलने बाष्पदाब वाढतो हे वर आलेच. शिवाय तो जुन्या टाक्यांत आतून फिरवलेले लेपद्रव्य, काही रेझिने आणि काही ओ-रिंगा मऊ करतो, आणि पाणी शोषून एका मर्यादेनंतर त्याच्यासह तळाशी वेगळा होतो. रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे. भारतात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल आले असून आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. तेव्हा महाराष्ट्रात या इंजिनाचे मायक्रोलाइट चालवणाऱ्यांनी पंपावरचे पेट्रोल थेट टाकीत ओतणे म्हणजे उत्पादकाच्या मर्यादेबाहेर जाणे आहे. इथेनॉल आहे का, हे पाहायला काचेच्या उंच नळीत ठरावीक पाणी घालून वर पेट्रोल ओतावे, हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाण्याची पातळी वाढलेली दिसली, तर इथेनॉल खाली उतरले आहे.

पंप हलवणे, रिटर्न लाइन घालणे किंवा सिलेक्टरची जागा बदलणे हा अमेरिकेतल्या बहुतेक विमानांच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सप्रमाणे (विमानाला घातलेल्या उड्डाण-अटींप्रमाणे) मोठा बदल ठरू शकतो. तसे असल्यास एफएए या अमेरिकी विमानवाहतूक यंत्रणेच्या स्थानिक कार्यालयाला कळवून, त्यांनी मान्य केलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता किमान पाच तास पुन्हा चाचणी-उड्डाणे करावी लागतात. ती थंड सकाळी उरकू नयेत. त्यांतले निदान एक उड्डाण दुपारच्या उन्हात, इंजिन बंद करून अर्धा तास थांबल्यानंतर, लांब धावपट्टीवरून आणि विमानतळावरच घिरट्या घेत उंची गाठत करावे, आणि त्याचा दाबाचा आलेख दुरुस्तीपूर्वीच्या आलेखाशेजारी वहीत चिकटवून ठेवावा.